सात घरची कढी

ताक संपवायला अक्कल लागत नाही, असं माझं एकतीस वर्षं ठाम मत होतं.

ते मत मी आमच्या मंडळींना, म्हणजे कमलला, नेकनूरच्या स्टँडवर ऐकवलं. ती पाटोद्याला धाकट्या बहिणीकडे आठ दिवस राहायला निघाली होती. एकटी अशी, लग्नानंतर पहिल्यांदाच! आधी सासू-सासरे, मग पोरं, मग मी रिटायर झाल्यावर हौसेनं घेतलेली म्हैस. तिला कुणी सोडलंच नव्हतं. (ह्यात माझं नाव मुद्दाम वगळलंय.)

"आवो, घुसळल्यावर ताक लई निघतं. सांडायचं न्हाई हां. अन्न हाय ते."

"अगं, जन्मभर पोरांना गणित शिकवलं मी! चार लिटर ताक जड हाय व्हय मला? आठ दिवसांच्या आत परत दिसलीस तर बघ!"

तिला ते आठही दिवस मिळावेत असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी घुसळायला बसलो. अर्धा तास झाला तरी लोणी येईना. गरम पाणी घातलं की लोणी येतं, असं ऐकलं होतं. घातलं. येईना. गार पाणी घातलं की येतं, असंही ऐकलं होतं. तेही घातलं! (दोन्ही उपाय खरे आहेत. एक हिवाळ्यातला, एक उन्हाळ्यातला. हे मला नंतर समजलं.) शेवटी लोणी आलं लिंबाएवढं आणि ताक झालं बादलीभर.

दोन तांबे प्यालो. कढी करायला घेतली तर ती फुटली. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. बेसन आधी लावायचं असतं म्हणे! म्हशीपुढे बादली नेली, तर तिने हुंगून तोंड फिरवलं. स्वतःच्याच दुधाचं ताक, पण माझ्या हातचं तिला नको होतं.

मग डोकं चाललं. आमच्याकडे ताक विकत नाहीत, देतात. घरातली होती नव्हती ती भांडी काढली. पातेली, बरण्या, कुकर, चहाचं भगुणंसुद्धा! भरली आणि गल्लीतल्या सात घरांत पोचती केली. शेजारच्या केशरमावशींच्या दारात स्वतःची दुभती म्हैस आहे. पण दारात आलेल्या ताकाला नको कोण म्हणतं? मावशींनी कुकर ठेवून घेतला.

मी फुशारकीने पाटोद्याला फोन लावला.

"कमल, ताक खलास! गल्लीला वाटलं!"

"आसं? कशात दिलं?"

"आपल्या भांड्यांत."

नुसतं "बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

त्या "बरं"चा अर्थ दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं! आठ वाजता पहिलं पातेलं आलं, भरून कढी. सव्वाआठला बरणी आली, कढी. मग भगुणं. सगळ्यात शेवटी केशरमावशी कुकर घेऊन आल्या.

"सर, वहिनी न्हाईत, तुमचे हाल हुत आसतील. जरा जास्तीच केलीया. लाजू नका, लागली तर आजून हाय!"

प्रत्येकीनं पाणी वाढवलेलं, बेसन लावलेलं. मी बादलीभर दिलं होतं, परत आलं दीड बादली. (गणिताचा मास्तर!) घरात एकही भांडं रिकामं राहिलं नाही. धार काढायला मी पाण्याचा माठ घेऊन गेलो, तेव्हा म्हशीने लाथ झाडली आणि माठही गेला. सकाळी कढी खाल्ली, दुपारी कढी, संध्याकाळी कढी. केशरमावशींना राहवलं नाही. त्यांनी परस्पर पाटोद्याला फोन केला: "बाई, सर निस्ते कढीकडं बघत बसल्यात!"

चौथ्या दिवशी सकाळी कमल पिशवी घेऊन दारात उभी. मला फार शरम वाटली. तिच्या आठातले पाच दिवस मी बुडवले होते.

तिने मात्र पदर खोचला आणि ती स्वयंपाकघरात शिरली. पुढे दोन तास जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. पातळ कढीत तिने ज्वारीच्या कण्या शिजत घातल्या. घट्ट कढीत तीन पिठं भिजवून धपाटे थापले. एकात हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे उकळले. मी लपवून ठेवलेलं तांब्याभर ताक तिने बरोबर हुडकलं आणि मीठ घालून त्यात मिरच्या भिजवल्या. भांडी विसळलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुडाशी! ना मोजमाप, ना घाई. शाळा तपासायला आलेल्या साहेबापुढेही मी कधी इतक्या आदराने उभा राहिलो नव्हतो.

"अगं, हे तू कायम करतीस?"

"मंग? तुमी धपाटे चार-चार हाणता, ते कशात भिजवलेले आसत्यात?"

एकतीस वर्षं मी ते नुसत्या पिठाचे समजत होतो.

ऊन ऊन धपाटे तिने सातही घरी धाडले. कागदात गुंडाळून! भांडं दिलंच नाही, तर भरून परत काय येणार? त्या क्षणी मी मनातल्या मनात हात जोडले.

"कमल," मी म्हणालो, "उद्याच्या उद्या परत जा. राहिलेले पाच दिवस राहून ये."

केशरमावशी दारातच होत्या. "जा बाई, बिनघोर जा. म्हशीचं समदं मी बघते. धार काढते, शेण काढते, घुसळते बी."

"आन् ह्यांचं?" कमलने विचारलं.

मावशींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. बराच वेळ न्याहाळलं.

"म्हैस सांभाळीन गं मी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत मी पिशवी मांडीवर घेऊन कमलशेजारी बसलो होतो. म्हैस आणि मी, दोघांतली जी भरवशाची होती, ती घरी राहिली!