लाल आणि हिरवी तार

लग्नाआधी माझी बायको भीमगीतांच्या एका पार्टीत कोरसमध्ये गायची. त्या पार्टीची एक रेकॉर्ड निघाली होती. मुख्य आवाज शाहिरांचा, मागे तीन मुली, त्यातली एक ही. पुढे नागपूरला तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. बोलणं घोगरं झालं आणि गाणं तिने सोडूनच दिलं. आमची लेक त्यानंतरची, तिने आईला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. रेकॉर्ड मात्र ट्रंकेत साड्यांखाली जपून ठेवलेली होती. लेकीला एकदा तरी आपला आवाज ऐकवावा, एवढीच तिची इच्छा. ती तिने कधी बोलून दाखवली नाही, पण मला कळत होती.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. गडचिरोलीला आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी नागपूरहून एक जुना रेकॉर्ड प्लेअर आणला, एस.टी.त मांडीवर घेऊन. सुईकडून येणारा आवाज फार क्षीण असतो. तो अ‍ॅम्प्लिफायरला पुरेल इतका वाढवायला मधे एक छोटी पेटी लागते, प्री-अ‍ॅम्प. ती मी घरीच जोडली. अशा कामांची मला भारी हौस, आणि तुला जमणार नाही असं कोणी म्हटलं की डोकंच फिरतं. रेकॉर्ड स्टिरिओ, पण स्पीकर एकच होता, म्हणून आवाजाच्या डावी-उजवी दोन्ही बाजू मी त्या पेटीत एकत्र करून टाकल्या.

रविवारी दुपारी रेकॉर्ड लावली आणि माझं तोंड उतरलं. शाहीर शेजारच्या क्वार्टरमध्ये बसून गात असावेत असा आवाज. ढोलकी गायब. वरून सारखी गुणगुण. मी सुई पुसली, मग बदलली. अर्थिंगची तार नळाला बांधली तेव्हा गुणगुण थांबली, पण शाहीर काही जवळ येईनात. प्री-अ‍ॅम्पमधले सोल्डरचे टाके पुन्हा मारले. व्होल्टेजला शिव्या घातल्या, प्लेअर विकणाऱ्याला घातल्या आणि वैतागून बटणाकडे हात नेला.

"थांबा जी. बंद नका करू."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला भाकरीचं पीठ.

"काऊन? भंगार वाजून राह्यलं."

"वाजू द्या. हा वरचा आवाज माहा आहे."

मी कान दिला. शाहीर आणि ढोलकी बाजूला झाल्यामुळे मागच्या तिघी स्वच्छ ऐकू येत होत्या. त्यातली सगळ्यात उंच गाणारी ही होती. काय गोड गळा होता तिचा.

"लग्नात, मंडळात, कुठी कुठी ही रेकॉर्ड ऐकली," ती म्हणाली, "पण मले मी कधी ऐकूच नाई आली."

इथेच मी थांबायला हवं होतं. पण बिघाड सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही. आता इतकं गोड लागतंय तर नीट केल्यावर किती लागेल, असं माझं गणित. सुई बसते तिथल्या चार बारीक तारा पाहिल्या, तर त्यातली लाल आणि हिरवी मीच उलटसुलट जोडलेली. त्यामुळे उजवी बाजू डावीच्या विरुद्ध जात होती. दोघांनी एकच खाट दोन टोकांनी सारख्या जोराने ओढली तर ती जागची हलत नाही, तसं झालं होतं. शाहीर आणि ढोलकी दोन्ही बाजूंना सारखेच, म्हणून ते आपसांत कटले. मुलींचा आवाज बहुधा एकाच बाजूला घेतला असावा, म्हणून तेवढा उरला.

तारा सरळ केल्या. ढोलकी खणखणली, शाहीर घरात आले. मी मोठ्या रुबाबात बायकोकडे पाहिलं.

"चांगलं झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

लेक एव्हाना बाहेरून खेळून आली होती, ती कान देऊन ऐकत होती. तिने विचारलं, "आई, तू कुठी आहे याच्यात?"

"असन तिथीच मागं कुठी तरी," आतून उत्तर आलं.

मला माझाच राग आला, आणि तिची इतकी माया आली की काय सांगू. चिमटा उचलला आणि लाल नि हिरवी तार पुन्हा उलटी जोडायला घेतली. ती बाहेर येऊन बघत राहिली.

"अजी, बिघडवून राह्यले का?"

"हो. तू बस इथी."

सुई ठेवली. शाहीर पुन्हा दूर गेले. लेक स्पीकरला कान लावून बसली, मग वळून आईकडे बघत म्हणाली, "ही तू?"

बायकोने मान डोलावली. दुसऱ्या कडव्याला ती गायला लागली, ऑपरेशननंतर पहिल्यांदा, त्याच घोगऱ्या आवाजात. पण गळा वर जाईना. मग वरची ओळ तिने रेकॉर्डमधल्या त्या मुलीवर सोडली आणि स्वतः खालून साथ धरली.