दुसऱ्या हाकेला वळायचं

गुलमंडीतल्या कापडवाल्यांना द्वारकाबाईंचं तोंड कमी आणि पाठ जास्त ओळखीची आहे. भाव पटला नाही की त्या उठतात, पिशवी काखेत मारतात आणि निघतात. चाल अशी, की बाई खरंच चालल्या असं वाटावं आणि त्यांना अडवायला वेळही मिळावा. मागून हाक येते, "ओ मावशी!" त्या वळत नाहीत.

"पहिल्या हाकंला वळलं की संपलं," त्या सांगतात. "पहिली हाक गिऱ्हाइकासाठी असती. भाव दुसऱ्या हाकंत असतो."

आमच्या गल्लीतल्या एकाही लग्नाच्या साड्या-कापडांचा बस्ता त्यांच्याशिवाय बांधला गेलेला नाही. माहेर सिल्लोडचं. नवरा चिकलठाण्यातल्या कारखान्यात फिटर होता, आता निवृत्त. कडुबाकाका भला माणूस. लग्नानंतर पहिल्यांदा भाजीला गेले आणि भाजीवाली म्हणेल तो भाव देऊन आले; त्या दिवसापासून घरातली खरेदी द्वारकाबाईंकडं. दुकानातून उठल्या आणि हाक आली नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

मग त्यांच्या पुतणीनं, श्रेयानं, स्पोर्ट्स कार घ्यायचं ठरवलं. श्रेया दातांची डॉक्टर, स्वतःचे दोन दवाखाने. पण दुकानात बोलायची वेळ आली की तीच पेशंटसारखी आ करून बसते.

"काकू, चल ना. मी एकटी गेले तर ते म्हणतील तेवढे देऊन येईन."

"येते की. गाडी कसली?"

"दोन दारांची. पिवळी."

"दोनच दारं? मंग भाव अर्धा पायजे."

गल्लीत बातमी पसरायला कितीसा वेळ! शेजारच्या केसरबाईंनी तर नळावरच जाहीर केलं, "तिथं नाय चालायचं तुमचं, द्वारकाबाई. तिथं कुणी हाक मारीत नसतं."

द्वारकाबाईंनी भरलेली घागर कमरेवर घेतली. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली इरकल नेसून निघाल्या.

जालना रोडवरच्या शोरूमचं काचेचं दार आपोआप उघडलं. आत कोटातला एक तरुण वाकून उभा. "वेलकम मॅडम. मी इम्रान. कॉफी घेणार?"

"आधी भाव. पोटात काही गेलं की माणूस मऊ पडतं."

तोवर श्रेया गाडीत जाऊन बसलीही होती. हात स्टिअरिंगवर आणि चेहरा हळद लागल्यासारखा. बाईंनी दंडाला धरून तिला बाहेर काढलं. "हसू नको! मालाकडं बघून हसायचं नाय. लगीच महाग होतो."

मग सीटचं कातडं चिमटीत धरून पाहिलं. "रंग जातो का?"

"नाही मॅडम."

"सगळेच असं म्हणत्यात. आन् ही मांडलेली नको. कोण-कोण बसून गेलंय हिच्यात. आतली काढा."

इम्राननं दोघींना टेबलाशी बसवून छापील कागद दिला. श्रेया वाचू लागली, "गाडीची किंमत, टॅक्स, इन्शुरन्स, हँडलिंग चार्ज, अ‍ॅक्सेसरी किट…"

"थांब. हँडलिंग म्हंजी?"

"गोडाऊनमधून गाडी इथं आणायचा खर्च," इम्रान म्हणाला.

"फडताळातून साडी काढली म्हणून कुणी पैसे घेतं व्हय? आन् किट?"

"मॅट, कव्हर, परफ्यूम."

"म्हंजी फॉल-पिको. ते तुमच्याकडून. इमा आम्ही बाहेरून काढू. गाडीचा भाव कंपनीचा, त्याला मी हात लावत नाय. बाकीचं खोडा."

"सॉरी मॅडम, सगळं फिक्स आहे."

"फिक्स?"

बाई उठल्या. पिशवी काखेत. श्रेया कागद हातात धरून आतच राहिली.

आणि इम्रान त्यांच्या बरोबरीनं चालू लागला. "जपून मॅडम, पायरी आहे."

"तू कुठं?"

"कस्टमरला गेटपर्यंत सोडायचं असतं. नियम आहे."

बाई भराभर चालल्या, तोही भराभर. हळू झाल्या, तोही हळू. वर त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. ऊन लागू नये म्हणून! रुसून निघालेल्या गिऱ्हाइकावर छत्री धरणारा दुकानदार त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. गेटवर त्यानं हात जोडले. "पुन्हा या मॅडम."

झालं. हाक नाही. काचेआडून श्रेयाला काकूचे खांदे पहिल्यांदाच पडलेले दिसले.

"बाबा रे," द्वारकाबाई म्हणाल्या, "तू हाक का मारीना?"

"आवाज चढवायला मनाई आहे. साहेब ओरडतात."

"तुझी आई साड्या कुठं घेती?"

"गुलमंडीला." पोरगं पहिल्यांदा खरं हसलं. "अम्मी भी ऐसाच उठती. मी लाजून मरायचो."

"मंग तुला येतंय की सगळं! जा, दारात उभा रहा. मी निघते. शिकून घे, धंद्याला कामी येईल."

इम्राननं छत्री मिटली, इकडंतिकडं पाहिलं आणि दारात जाऊन उभा राहिला. बाई निघाल्या.

"मॅडम…"

"देवळात आला का? पोटातून काढ!"

"ओ मावशी!"

वॉचमननं मान वळवली. बाईंनी नाही. ती पाठ, ती काखेतली पिशवी, ती सावकाश चाल. इम्रानच्या डोळ्यांपुढं त्याची अम्मी उभी राहिली असणार. त्यानं छाती भरून घेतली.

"ओ मावशी! या की परत! तुमच्याच भावात देतो!"

समोरच्या रसवंतीवरचे ग्लास ओठांशी थांबले. शोरूममधली गिऱ्हाइकं काचेला येऊन चिकटली. बाईंची मान वळली.

"ऐकलं ना सगळ्यांनी?"

कोटाची बटणं लावत मॅनेजर विश्वजीत धावत आले. "इम्रान! काय चाललंय?"

"सर, ती… प्रॅक्टिस…"

"कसली प्रॅक्टिस?" बाई पोचल्याच. "दुकानाच्या दारात उभं राहून शब्द दिलाय यानं. हाक मारून भाव फिरवणार का तुम्ही?"

विश्वजीत यांनी रसवंतीकडं पाहिलं. काचेमागच्या गिऱ्हाइकांकडं पाहिलं. "हँडलिंग काढतो. किट आमच्याकडून. विमा तुम्ही काढा. पण ताई, जरा हळू."

"आता कशाला आवाज? जमलं की. पोराला रागावू नका, हाक चांगली हाय त्याची." मग आत जाता जाता, "पिशवी देता ना?"

पिशवी मिळाली. चकचकीत, कंपनीच्या नावाची. हल्ली तिच्यातून मेथी येते.

हे ठरवून केलं का, असं केसरबाईंनी चारदा विचारलं. "मी तर त्याला शिकवीत होते," एवढंच उत्तर मिळतं.

परवा श्रेया त्यांना न्यायला गुलमंडीत आली. पिवळी गाडी कोपऱ्यावरच अडकली. तिनं हॉर्न वाजवला. बाई पाठमोऱ्या चालतच राहिल्या.

"मावशी, तुम्हालाच बोलावत्यात," कापडवाला म्हणाला.

"म्हाईत हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "आत्ता एकदाच वाजलाय."