त्रेसष्ट टक्के

चैताली ओव्हाळ माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा बसली ती आरोपी म्हणून, आणि तिला तसं बसवणारी मीच होते.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी करते. पीएच.डी.चा प्रबंध दाखल होण्याआधी आमच्याकडे येतो. आम्ही तो संगणकावर तपासतो. त्यातलं किती लिखाण आधीच कुठे छापून आलंय ते टक्क्यांत कळतं. दहा टक्क्यांपर्यंत चालतं. चैतालीचे आले त्रेसष्ट.

"अहो, एवढं उतरवायचं तर निदान वाक्यं तरी फिरवायची," मी म्हणाले. अकरा वर्षं हेच काम करून माझी जीभ अशी झाली आहे.

"मॅडम, हे मीच लिहिलंय."

"सगळे असंच म्हणतात."

ती रडली नाही की भांडली नाही. तिने फक्त विचारलं, "कशाशी जुळतंय ते बघू शकते?" मी स्क्रीन तिच्याकडे वळवला. पानंच्या पानं लाल झालेली होती आणि बाजूला मूळ स्रोताचं नाव होतं. तीन महिन्यांपूर्वी नागपूरच्या एका छोट्या प्रकाशनाने काढलेलं ई-पुस्तक. लेखक दोन, डॉ. रंगनाथ मोहरीर आणि तनया साने.

तिने ती नावं वाचली, पुन्हा एकदा वाचली. "सर माझे गाईड आहेत," ती म्हणाली. "आणि तनया..." ती उठली. पिशवी उचलून निघून गेली. पाण्याची बाटली टेबलावरच राहिली.

पुढचं मला हळूहळू कळलं. काही तिने सांगितलं, काही मी स्वतः पाहिलं.

चैताली विश्रांतवाडीची. वडील सुखदेव ओव्हाळ टपाल खात्यातून निवृत्त झालेले. घरात पहिली एम.ए. तीच. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात ती तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची, म्हणजे दरवर्षी जूनमध्ये नवी मुलाखत आणि मार्चमध्ये नमस्कार. पीएच.डी. झाली तर कायम नोकरीसाठी अर्ज तरी करता येईल म्हणून नोंदणी केली. नोंदणीनंतर सहा महिन्यांचा कोर्सवर्क, मग दर सहा महिन्यांनी प्रगती अहवाल, आणि प्रत्येक कागदावर गाईडची सही. मोहरीर सर कधी परिषदेला, कधी बैठकीत. लोणीहून दोन बस बदलून यायचं, केबिनबाहेरच्या बाकावर तीन-तीन तास बसायचं आणि सही न मिळता परत जायचं, असं तिने पाच वर्षं केलं. अहवाल एकदा दोन दिवस उशिरा पोचला म्हणून विभागाने तिच्याकडून लेखी माफी घेतली. उशीर सरांच्या सहीमुळे झाला होता. माफीपत्रावरही त्यांचीच सही लागली.

तिचा विषय चांगला होता. कात्रजच्या पलीकडची गावं महापालिकेत आली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. ज्या बायका पन्नास वर्षं त्या शेतांत राबल्या त्या आता दिवसभर काय करतात? चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांचे हात काय करतात? एवढंच तिला विचारायचं होतं. एकवीस बायकांशी ती वर्षानुवर्षं बोलली.

त्यांतल्या आनंदीबाई पंचाहत्तरीच्या. पहिल्या भेटीला त्यांनी चैतालीला आडनाव विचारलं, आणि ऐकून दारातल्या खुर्चीकडे बोट दाखवलं. चैताली दारात बसली. दुसऱ्यांदा गेली तेव्हाही दारातच. चौथ्या भेटीला आनंदीबाई स्वतःच म्हणाल्या, "आत ये की गं, ऊन लागतंय तिथं." त्यानंतर ती स्वयंपाकघरात बसून त्यांच्याबरोबर लसूण सोलायची. एका दुपारी आनंदीबाईंनी तिला सांगितलं, की शेवटची पाच एकरं गेली तेव्हा त्यांचा मुलगा विश्वजीत याने त्यांची सही विजेच्या मीटरसाठी म्हणून घेतली होती.

"म्या कुणाला सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला सांगितलं. लिवू नको."

"तुमचं नाव येणार नाही, गावाचं नाव येणार नाही," चैतालीने शब्द दिला. प्रबंधात त्या 'शांताबाई' झाल्या, आणि सहीची गोष्ट तिने अजिबात घेतली नाही. ती फक्त रेकॉर्डिंगमध्ये राहिली.

चौथ्या वर्षी तिच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. कॉलेजचे तास, दवाखाना आणि वडिलांचा व्यायाम यात चैतालीचा प्रबंध आठ महिने थांबला. तनया साने त्याच गाईडची विद्यार्थिनी, तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. दोघी केबिनबाहेरच्या त्याच बाकावर डबा खायच्या. झटका आला त्या रात्री ससून रुग्णालयात चैतालीबरोबर थांबली होती ती तनयाच. ती म्हणाली, "ताई, मुलाखती मी टाइप करून देते. तू फक्त काकांचं बघ." सर म्हणाले, "दे तिला. काम थांबायला नको."

चैतालीने सगळी रेकॉर्डिंग्ज दिली. लिहून झालेली प्रकरणं दिली. सोबत एक यादीही दिली, कोणत्या बाईला कोणतं नाव द्यायचं त्याची. टाइप करताना खरं नाव चुकूनही राहू नये, म्हणून.

माझ्या टेबलावरून उठून ती थेट मोहरीर सरांच्या केबिनमध्ये गेली होती. त्या दिवशी बाकावर बसावं लागलं नाही. ते तिला शांतपणे म्हणाले, "चैताली, डेटा विभागाचा असतो, व्यक्तीचा नसतो. आणि तू आठ महिने गायब होतीस. विषय शिळा झाला असता."

"सर, प्रकरणं माझी आहेत. वाक्यं माझी आहेत."

"त्या वाक्यांना आकार कुणी दिला? प्रस्तावनेत तुझे आभार मानलेत. वाच."

तिने वाचलं. 'क्षेत्रकार्यात साहाय्य करणाऱ्या कु. चैताली ओहोळ यांचे आभार.' आडनावही धड नव्हतं.

तनया तिला बुधवार पेठेतल्या एका पुस्तकाच्या दुकानाबाहेर भेटली. विभागात भेटायला ती तयार नव्हती.

"सर म्हणाले तुला माहितीये," तनया म्हणाली.

"मग मला एक फोन का नाही केलास?"

"कारण मला वाटायला लागलं होतं की तुला माहीत नाहीये. पण तोपर्यंत माझा इंटरव्ह्यू लागला होता, ताई. पब्लिकेशन लागणार होतं. पर्मनंट पोस्ट आहे, अशी जागा परत कधी निघणार?"

"आणि नावं? बायकांची खरी नावं छापलीत तुम्ही."

"ती बदलायची राहून गेली," तनया म्हणाली.

चैताली मला म्हणाली, की इंटरव्ह्यूचं कारण तिला कळलं होतं, कदाचित कधीतरी तिने ते माफही केलं असतं. 'राहून गेली' हे तिला ऐकवेना.

मी तोवर ते पुस्तक वाचलं होतं आणि चैतालीने मला दाखवलेल्या, तनयाला केलेल्या ई-मेलच्या तारखाही पाहिल्या होत्या. मी तिला फोन करून म्हणाले, "मी तुमच्याशी वाईट बोलले. माझं चुकलं." ती म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे स्कूटर आहे ना? मला कात्रजला जायचंय. एकटीने जाववत नाही." तोपर्यंत सरांचा एक लेख रविवारच्या पुरवणीतही आला होता. त्यात आनंदीबाईंचं नाव होतं, गावाचं नाव होतं, आणि मीटरची सहीसुद्धा.

दार विश्वजीतने उघडलं. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, हातात फोन. लेख गावाच्या ग्रुपवर आला होता.

"तुम्हीच का त्या ओव्हाळ?" तो म्हणाला. "आमच्या घरात बसून आमचीच अब्रू काढली."

"मला आजींशी बोलायचंय. पाच मिनिटं."

आतून आनंदीबाई आल्या. आरडाओरडा काही केला नाही. भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुला लिवू नको म्हनलं हुतं."

"आजी, मी नाही लिहिलं."

"मग कुनी लिवलं? म्या तर दुसऱ्या कुनाला सांगितलं न्हाई."

चैतालीने तोंड उघडलं. गाईड, तनया, यादी, टायपिंग, हे सगळं ती त्या दारात कसं सांगणार होती? तिने प्रयत्न केला. "मी ते ज्यांच्या हातात दिलं त्यांनी..."

"म्हंजी तू दिलंस," आनंदीबाई म्हणाल्या, आणि आत गेल्या. विश्वजीतने दार लावलं.

परतताना घाटाखालच्या सिग्नलला मी मागे वळून पाहिलं. ती म्हणाली, "बरोबर बोलल्या त्या. मीच दिलं."

पुढच्या आठवड्यात तिने तक्रार केली. रेकॉर्डिंगच्या तारखा, ई-मेल, जुने मसुदे, सगळं जोडून. विभागातल्या दोघांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं, की गाईडविरुद्ध तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला दुसरा गाईड मिळत नाही. ते खरंच होतं. चार जणांनी नकार दिला. पाचव्या, निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या एक बाई, हो म्हणाल्या. "मला आता कोण काय करणार आहे?" असं म्हणून त्यांनी संमतीपत्रावर सही केली.

चौकशी समिती पाच महिन्यांनी बसली. मला साक्षीला बोलावलं. मी टक्के सांगितले, तारखा सांगितल्या. समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "पण दोघांच्या कामात साम्य असणं स्वाभाविक नाही का?" मी म्हणाले, "साम्य स्वाभाविक असतं. स्वल्पविरामाच्या चुकाही त्याच असणं स्वाभाविक नसतं." कुणी हसलं नाही. निकाल एका पानाचा आला. 'संशोधकांमधील समन्वयाचा अभाव' असं त्याला नाव दिलं होतं. ई-पुस्तकातून बायकांची नावं काढायची, प्रस्तावनेत चैतालीचं आडनाव सुधारायचं, गाईड बदलायला परवानगी. बाकी काही नाही. पुरवणीतला लेख ज्यांनी वाचायचा त्यांनी कधीच वाचला होता.

चैताली मग एकवीसही बायकांकडे पुन्हा गेली. प्रत्येकीला काय घडलं ते सांगितलं आणि विचारलं, तुमचं बोलणं माझ्या प्रबंधात राहू दे की काढू? मी म्हटलं, "अहो, हे तुम्हाला कोणत्या नियमात सांगितलंय?" ती म्हणाली, "कुठल्याच नाही." नऊ जणींनी काढायला सांगितलं. त्यात तिचं सगळ्यांत चांगलं प्रकरण गेलं. आनंदीबाईंनी दार उघडलं नाही, म्हणून त्यांचं बोलणं तिने स्वतःहून काढलं. उरलेल्या अकरा बायकांवर तिने प्रबंध नव्याने लिहिला. त्याला दोन वर्षं लागली आणि दोन वेळा मुदतवाढ. पुन्हा तपासणीला आणला तेव्हा चार टक्के आले. तिने आकडा पाहिला आणि मान हलवली, बस.

शेवटची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मोहरीर सर तोवर विभागप्रमुख झाले होते, ते पहिल्या रांगेत होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "पाचव्या प्रकरणात मोठ्या मुलाखती कमी वाटतात. घेतल्या नव्हत्या?"

"घेतल्या होत्या, सर. मी त्या सांभाळू शकले नाही."

त्यांना ते नीट कळलं नसावं, पण त्यांनी पुढे विचारलं नाही.

पदवी जाहीर झाल्यावर फोटो सुरू झाले. सुखदेव ओव्हाळ व्हीलचेअरवर मागे बसले होते. त्यांनी ती पुढे न्यायला लावली आणि मोहरीर सरांसमोर थांबून, चालणारा एक हात छातीशी नेऊन म्हणाले, "सर, आपले उपकार आहेत. माझ्या पोरीला आपण इथवर आणलंत." चैतालीने वडिलांना काहीच सांगितलं नव्हतं. झटक्यानंतर त्यांना धक्का नको म्हणून. सर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गुणी मुलगी आहे." फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ यायला सांगितलं. चैताली त्या फोटोत उभी राहिली. मी बाजूला सरकले.

रिक्षात तिने त्यांना सगळं सांगितलं. तिने मला नंतर सांगितलं, की ते येरवड्यापर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "आणि तू मला त्याच्यापुढे हात जोडू दिलास?" त्यानंतर चार दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते फक्त गोळ्यांबद्दल.

तनया एका नावाजलेल्या कॉलेजात कायम झाली आहे. चैताली अजून लोणी काळभोरलाच आहे, या जूनमध्येही तिची मुलाखत झाली. आता तिच्या नावामागे डॉक्टर लागतं. परवा तिची एक विद्यार्थिनी पीएच.डी.ला नाव घालावं का म्हणून विचारायला आली होती. चैतालीने तिला दोन तास बसवून अर्ज, मुदती, अहवाल, सगळं समजावलं. गाईड म्हणून कुणाला निवडू, असं मुलीने विचारल्यावर मात्र ती एवढंच म्हणाली, "आधी त्यांच्या पुस्तकांतले आभार वाच. विद्यार्थ्यांची नावं धड आहेत का बघ."