सात नंबरचा कीबोर्ड

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मुरबाडच्या कॉलेजात आम्हा दोघींना एकच प्रकल्प मिळाला. संगणकांच्या कीबोर्डवर कोणते जीवाणू राहतात, ते त्यांच्या डीएनएवरून ओळखायचं. मैत्रीण शहापूरची, मी डोंगराखालच्या पाड्यावरची. सुरुवातीला माझ्याशेजारी कुणी बसत नसे. ती बसली, मग हळूहळू बाकीचेही बसू लागले. तेवढ्यासाठी मी तिला जीव लावला होता.

लॅबमध्ये प्रत्येकाचा संगणक ठरलेला. म्हणून वर्गाला आम्ही शब्द दिला, की नमुन्यांवर फक्त नंबर असतील, नाव कुणाचंच नाही. कोणता नंबर कुणाचा, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. सात नंबर माझा.

कीबोर्डांवरून कापसाच्या काड्या फिरवल्या त्या आठवड्यात आमच्याकडे भाताची लावणी चालू होती. रविवारी तीही हौसेने खाचरात उतरली, आईच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाल्ल्या, आणि नखांतला चिखल निघत नाही म्हणून दोन दिवस कुरकुरली.

डीएनएचा अहवाल आला. बहुतेक कीबोर्डांवर माणसाच्या कातडीवरचे नेहमीचेच जीवाणू. सात नंबरवर मात्र एक मातीतला निघाला, कुणाला काही न करणारा. मला तर गंमत वाटली.

सादरीकरणाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हा मातीतला इथे कसा?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "पाड्यावरच्या हातांचा आहे सर. तिकडे स्वच्छता जरा कमीच."

वर्ग हसला. पाड्यावरून येणारी वर्गात मी एकटीच. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच. मी गप्प राहिले, म्हणून मला आजही तिच्याइतकाच स्वतःचाही राग येतो.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. त्यापुढचीही.

संध्याकाळी एसटी स्टँडवर तिला गाठलं. म्हटलं, "आपण शब्द दिला होता ना गो?"

तिने माझा हात हातात घेतला. "दिलाच होता. मी तुझं नाव घेतलं काय? नाय ना? नुसतं पाडा बोलले."

ती खोटं बोलत नव्हती. आपण शब्द पाळला, असंच तिला वाटत होतं.