सुकवलेला संघ
सुक्या बोंबलाचा वास आला की बोईसरच्या कारखान्यांची ती फुटबॉल स्पर्धा आठवते. आमचा कोळी कप्तान साखळी सामन्यांच्या दिवशीही पाळी सुटल्यावर आम्हाला तासभर उन्हात पळवायचा, त्यामुळे दमलेले आम्ही कसेबसे बाद फेरीत पोचलो. लोक ओरडायचे, "बोंबील सुकवतोस काय रे?" तो म्हणायचा, "सुकवतोच हाय. ओला दोन दिस टिकत नाय, सुका पावसाळाभर पुरतो." आता बाद फेरीत हरलो की स्पर्धा संपून संघ मोडणार होता, आणि शाळा अर्धवट टाकून इतक्या लांब आलेल्या मला दुसरं कुणी नव्हतं. बाद फेरीआधी मात्र त्यानं चार दिवस नुसता आराम करायला लावला. मग सामन्याच्या उत्तरार्धात समोरचे धापा टाकत उभे राहिले, आणि आम्ही पळतच होतो. त्याच्या कृपेनं आजही कशाची धास्ती वाटली, की मी आधी स्वतःला उन्हात वाळत घालतो.