विकलेलं गाढव

मुलांसाठी मी एकच कादंबरी लिहिली आणि तिच्यात एक गाढव आहे. कसब्यातल्या कुंभाराची मुलगी त्याला जीव लावते, बापाचा धंदा बसतो, तो गाढव विकून टाकतो आणि ते परत येत नाही. पुस्तक संपलं. प्रकाशकांनी गोड बोलून सुचवलं, "शेवटी एक पान वाढवू या. गाढव वाट शोधत येतंय, असं." मी म्हटलं, "मग ते पान तुम्हीच लिहा आणि नावही तुमचंच घाला." पुस्तक माझ्या शेवटासकट निघालं. लहानपणी आमच्या समोरच्या कुंभाराचं गाढव मी पोळ्या चारून लाडावून ठेवलं होतं. ते विकल्यावर कित्येक संध्याकाळी दारात उभी राहिले. ते आलं नव्हतं, मग याने का म्हणून यावं?

पुढे शनिवार पेठेत बालनाट्यं बसवणाऱ्या एका बाईंनी पुस्तकाचं नाटक केलं. तालमीला गेले तर गाढवाचे पुढचे पाय एक मुलगी आणि मागचे पाय तिचा धाकटा भाऊ. सख्खी भावंडं घेतली की पावलं जुळतील, असा बाईंचा होरा. झालं एवढंच, की घरातली भांडणं कातडं पांघरून रंगमंचावर आली. पुढचे पाय विंगेत गेले आणि मागचे रुसून मधोमध बसले, हे मी स्वतः पाहिलं आहे.

बाईंनी शेवट बदललाय हे मात्र मला पहिल्या प्रयोगालाच कळलं. बालनाट्यात प्रेक्षकांना विचारायची रीत असते. कुंभाराची मुलगी पुढे आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मुलांनो, आपलं गाढव परत यायला हवं ना?" अख्खं नाट्यगृह "हो!" म्हणून ओरडलं. "ऐकू नाही आलं!" दुसऱ्यांदा छप्पर उडायचंच बाकी राहिलं. मी रागाने धुमसत होते. तिसऱ्यांदा ओरडणाऱ्यांत मात्र माझाही आवाज होता आणि तो चांगलाच मोठा असावा, कारण पुढच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. गाढव आलं, चारही पाय एका तालात टाकत, आणि मी पदराने डोळे पुसले.

तरी भांडायचं म्हणून विंगेत गेलेच. बाई म्हणाल्या, "अहो, तुमचा वाचक पांघरुणात रडतो. माझा प्रेक्षक रडला की त्याचे वडील मला जाब विचारायला येतात." घरी जाताना वाटलं, इतकी वर्षं आपण पोरांचा उगाच छळ केला.

म्हणून बऱ्याच वर्षांनी सिनेमा करणारा एक तरुण करारनामा घेऊन घरी आला, तेव्हा त्याने तोंड उघडायच्या आत मी उदार झाले. "शेवटी गाढव परत आणा हो. नाटकात फार छान वाटलं होतं. माझी काही हरकत नाही."

त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "बाई, मी चौथीत असताना माझी आई गेली. घरी सगळे सांगायचे, गावाला गेलीये, येईल. आमचं घर स्वारगेटला. मी रोज शाळा सुटली की स्टँडवर जाऊन उतरणाऱ्या बायका बघत बसायचो. मग शाळेच्या पुस्तकांच्या पेटीतून तुमचं पुस्तक मिळालं. शेवटच्या पानावर गाढव आलं नाही, तेव्हा मला आईचं कळलं. दुसऱ्या दिवसापासून स्टँडवर गेलो नाही. माझ्याशी खरं बोललेल्या तुम्ही एकट्याच, आणि आता तुम्हीच असं म्हणताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी करारनामा पुढे ओढला आणि सही करण्याआधी त्यात हाताने एक ओळ वाढवली: शेवट कोणालाही बदलता येणार नाही, लेखिकेलासुद्धा नाही.