सकाळचं रीळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही. मुलीला तर नाहीच. ती इथे परदेशात, तुआसच्या एका कारखान्यात इंजिनीअर आहे, कागदावरची सही म्हणजे काय हे तिला चांगलं कळतं. तुम्हाला सांगतोय, कारण आता कुणाला तरी सांगायलाच हवं.

बुकित बातोकच्या या फ्लॅटवरून तेंगाच्या तळावरची लढाऊ विमानं जातात. नात कानात बोटं घालते, इथल्या इंग्रजीत "सो नॉइझी, लाह!" म्हणते. मी मात्र हातातलं सोडून खिडकीशी जातो. घरच्यांना वाटतं, म्हातारा हवाई दलातला, जुन्या आठवणी येत असतील. आठवणी! एकच येते हो.

पासष्टच्या लढाईत मी एकवीस वर्षांचा होतो. वैमानिक नव्हे — आमचं कुठलं तेवढं भाग्य! हंटर विमानाच्या नाकात एक छोटा कॅमेरा असायचा. वैमानिकानं तोफांचा ट्रिगर दाबला की तो आपोआप चालू व्हायचा, आणि शत्रूचं विमान पडलं की नाही, ते त्या रिळावरून ठरायचं. रीळ बदलायचं काम माझं. एवढंच काम. त्यात चुकण्यासारखं काय होतं, सांगा?

आमच्यात एक खोड होती. घाई असली की आधी रजिस्टरवर सही ठोकायची, काम मागाहून. सगळेच करायचे. त्या दिवशी सकाळी एक वैमानिक तोफा तपासायला मोकळ्या आभाळात मारा करून आला, रीळ संपलं. मी 'रीळ बदललं' म्हणून सही केली आणि चहा प्यायला गेलो. मग तसाच गप्पांत रमलो. दुपारी भोंगा वाजला, आणि आमचे दुसरे वैमानिक, शिरगावकर साहेब, तेच विमान घेऊन उडाले.

परत आले ते नाचतच! शत्रूचं सेबर विमान पाडलं म्हणाले. धूर पाहिला, सीमेपलीकडे कोसळताना पाहिलं. जोडीचं विमान ढगात मागे राहिलं होतं, दुसरा साक्षीदार नव्हता. पण काळजी कसली? रीळ होतं ना! विमान पाडल्याची खूण म्हणून कॉकपिटखाली छोटं विमान रंगवायचे; आमच्या पेंटरनं तर त्यासाठी रंगसुद्धा कालवला.

मी कॅमेरा उघडला. आत सकाळचंच रीळ.

तेव्हाच बोललो असतो तर? कोठडी झाली असती, फार तर नोकरी गेली असती. मी काय केलं — त्या रिळावर दुपारची वेळ लिहिली, साहेबांचं नाव लिहिलं, आणि दिलं पाठवून.

संध्याकाळी पडद्यावर दिसलं ते नुसतं आभाळ. आणि ढगाची एक कड. सगळे खो खो हसले. साहेबांचं नाव 'बादलमारखान' पडलं ते कायमचंच. त्यांनी मला बाजूला घेऊन एकदाच विचारलं, रीळ बदललं होतंस ना? मी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणालो, हो सर.

त्यांनी खरंच पाडलं होतं का? मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही — ती सोय मी करून ठेवली. पुढे त्यांनी नोकरीही लवकर सोडली.

कारणं आहेत माझ्याकडे. कोवळं वय होतं, आमच्या वस्तीतून सरकारी गणवेश चढवलेला मी पहिला होतो. सगळी खरी आहेत, आणि एकही कामाचं नाही.

यंदा साहेब मुलाकडे थोडे दिवस राहायला आले, इथल्याच क्वीन्सटाउनला. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणात गाठ पडली. त्यांनीच मला ओळखलं. मुलगा हसत म्हणाला, "काका, बाबा अजून त्या सेबरची गोष्ट सांगतात. तुम्ही होतात ना तिथे?" होतो, म्हणालो.

पुढच्या रविवारी ते घरी आले. मुलगा गाडी लावायला खाली गेलेला, माझी मुलगी स्वयंपाकघरात. आम्ही दोघंच. आज सांगायचंच, असं मी ठरवलं होतं — खरंच ठरवलं होतं. तोंड उघडणार, तोच ते बोलले.

"कांबळे, एवढी वर्षं मी तुझ्यावर संशय घेतला रे. यानं रीळ बदललंच नसेल म्हणून. बायकोपाशी शिव्यासुद्धा घातल्या तुला. पण तू कशाला खोटं बोलशील? मीच चुकलो असेन. ढगावरच गोळ्या झाडल्या असतील. माफ कर मला."

शहाऐंशी वर्षांचा माणूस. हात जोडले त्यांनी. माझ्यापुढे!

एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांचे हात धरून खाली केले आणि म्हणालो, "जाऊ द्या सर, मी कधी मनात ठेवलंच नाही."

माफ केलं मी त्यांना.

गुरुवारी ते पुण्याला परत गेले. फार हलके वाटत होते, असं त्यांचा मुलगा फोनवर सांगत होता. सेबरची गोष्ट आता ते काढतच नाहीत म्हणे.